बंद थ्रॉटल म्हणजे किती व्होल्ट?

केबलने थ्रॉटल ओढणाऱ्या पेट्रोल गाडीत चालकाच्या पायाची खबर इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत एकाच तारेवरून जाते. पेडल किती दाबले, किती झटक्यात दाबले, पाय उचलला की नाही, हे सगळे त्या तारेवरच्या व्होल्टेजमध्ये असते. साधारण अर्धा व्होल्ट म्हणजे पाय उचललेला, साडेचारच्या आसपास म्हणजे पेडल तळाला टेकलेले. हे व्होल्टेज पाठवणारा भाग म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, गॅरेजच्या भाषेत टीपीएस. थ्रॉटल बॉडीच्या कडेला दोन स्क्रूंनी बसवलेला, तळहातात मावणारा. तो बिघडला म्हणून गाडी जागेवर बंद पडेलच असे नाही. ती चालत राहते आणि छळत राहते: बारीक रेसवर झटके मारते, सिग्नलला उभी असताना रेस आपोआप वरखाली होते, ओव्हरटेक करायला पेडल दाबावे तर क्षणभर दम तोडते. दोष असा अर्धवट असल्यामुळे या सेन्सरबद्दल अंदाजाचा कारभार फार चालतो. चांगले सेन्सर काढून फेकले जातात, खराब सेन्सर ‘ॲडजस्ट करून’ महिनोन्‌महिने रेटले जातात, आणि दोन्ही वेळा पैसे गाडीवाल्याचे जातात. या तक्रारींच्या तळाशी गेले की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते. थ्रॉटलची ‘बंद’ स्थिती कुठेतरी सरकलेली असते, कधी झिजेमुळे, कधी साचलेल्या कार्बनमुळे, आणि फार वेळा कुणाच्या तरी स्क्रूड्रायव्हरमुळे.

स्क्रूड्रायव्हरची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. तिथे पाय आणि पेट्रोल यांच्यात कुणी मध्यस्थ नव्हता. बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या नळीतली फिरती पाकळी, उघडली की हवेचा वेग वाढायचा, हवा स्वतःच पेट्रोल ओढून घ्यायची, आणि एकदम रेस दिली तर ॲक्सिलरेटर पंप जादा पेट्रोलची पिचकारी मारायचा. आयडल कमी वाटले तर मिस्त्री एक स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, कान देऊन इंजिन ऐकायचा, आणि गाडी सोडायचा. ते कसब खरे होते, वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले होते. मग १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या मोटारींसाठी युरो मानके लवकर लागू करण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २०००पासून देशभर धुराच्या नव्या मर्यादा आल्या. मारुतीच्या गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’, म्हणजे मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन, ही अक्षरे दिसू लागली ती याच सुमारास. बटरफ्लाय राहिली, तिला टेकणारा स्क्रूही राहिला, पण त्याचे काम बदलले. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत हा स्टॉप स्क्रू असतो तो बटरफ्लाय नळीत घासून अडकू नये एवढ्यापुरता. कारखान्यात तो एकदा लावून त्यावर रंगाचा ठिपका किंवा सील मारतात. आयडलची हवा कॉम्प्युटर दुसऱ्या वाटेने, आयडल व्हॉल्व्हमधून, स्वतः सोडतो.

तरीही हात त्या स्क्रूकडे जातो. त्याचे पुढे काय होते हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण टीपीएसच्या निम्म्या कहाण्या इथून सुरू होतात. स्क्रू आत फिरवला की बटरफ्लाय किंचित उघडी राहते आणि तिच्या दांड्याला जोडलेल्या सेन्सरचे व्होल्टेज वाढते, समजा ०.५ चे ०.७ होते. कॉम्प्युटरला वाटते, चालकाचा पाय पेडलवर आहे. तो आयडल सांभाळणे सोडून देतो. उतारावर पाय उचलल्यावर पेट्रोल तोडायचे असते, तेही तोडत नाही, म्हणजे घाट उतरताना फुकट पेट्रोल जळते. याउलट हवा वाढली आणि सेन्सर मात्र ‘बंद’च सांगत राहिला, तर कॉम्प्युटरला दिसते की पाय उचललेला असूनही फेरे जास्त आहेत. तो पेट्रोल तोडतो, फेरे पडतात, तो पेट्रोल पुन्हा सोडतो, फेरे चढतात. गाडी उभ्या उभ्या घुरघुरत वरखाली होते. यालाच हंटिंग म्हणतात. आता गाडीवाला दुसऱ्या गॅरेजमध्ये जातो, तिथे टीपीएस खराब असल्याचे निदान होते, नवा टीपीएस बसतो, हंटिंग तसेच राहते. सेन्सर पहिल्यापासून खरे बोलत होता. त्याच्याखालची जमीनच कुणीतरी सरकवली होती.

सेन्सरचा इतिहास थोडक्यात सांगितला तर त्याचे आजचे रूप लवकर कळते. १९६७ साली बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत फोक्सवॅगन १६०० मध्ये आली, तेव्हा थ्रॉटलवर सेन्सरऐवजी स्विच होता. पाय उचलला आहे का, हे तो सांगे, आणि बटरफ्लाय उघडताना कंगव्यासारख्या संपर्कांवरून घसरत जाऊन ठोके पाठवी; तेवढ्या ठोक्यांपुरते जादा पेट्रोल मिळे. पुढच्या एल-जेट्रॉनिकमध्ये ते ठोकेही गेले आणि फक्त दोन संपर्क उरले, एक आयडलचा आणि एक पूर्ण रेसचा. सलग मोजणारा पोटेन्शिओमीटर नंतर सर्वत्र रुळला. त्यात कार्बनची वक्र पट्टी असते, तिच्या एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ, आणि बटरफ्लायबरोबर फिरणारी पत्र्याची बोटे पट्टीवरून घसरत सिग्नल उचलतात. म्हणून तारा तीन. जुन्या रेडिओचा आवाजाचा खुंटा फिरवताना एका ठरावीक जागी खरखर यायची, त्या खुंट्याच्या पोटातही हीच रचना असे आणि खरखरीचे कारणही तेच, झिजलेली पट्टी. अलीकडच्या गाड्यांत पट्टीऐवजी चुंबक आणि हॉल सेन्सर असतो. त्यात काही घासत नाही, त्यामुळे ही झीज संपली. सोल्डर, तारा आणि कपलरचे दोष मात्र त्यालाही चुकलेले नाहीत.

या व्होल्टेजवर कॉम्प्युटर काय काय ठरवतो? इंजिनात किती हवा गेली हे बहुतेक मोटारींत मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) किंवा एअर-फ्लो सेन्सर सांगतो, त्यामुळे टीपीएस पेट्रोलचे मुख्य माप ठरवत नाही. तो बदल सांगतो. पेडल झटक्यात दाबले तर हवा लगेच वाढते आणि पेट्रोल मागे पडते. ती उणीव टीपीएसच्या इशाऱ्यावर भरली जाते. पूर्ण रेसवर मिश्रण दाट करणे आणि अनेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर तेवढ्यापुरता सोडणे, हेही त्याच्यावर. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हेसुद्धा. एक उपयोग फारसा कुणाला माहीत नसतो, पण निदानात तो फार कामाचा आहे. स्टार्टर मारताना पेडल पूर्ण दाबलेले असेल तर कॉम्प्युटर समजतो की इंजिन पेट्रोलने भिजले आहे, आणि इंजेक्टर बंद ठेवतो. सेन्सर बिघडून कायम वरचे व्होल्टेज दाखवू लागला तर इंजिन फिरते पण पेट घेत नाही. मग पंप बदलतात, प्लग बदलतात. कपलर काढून स्टार्टर मारून पाहायला एक मिनिट लागते आणि कुणाला सुचत नाही.

पट्टी झिजते ती सगळीकडे सारखी झिजत नाही. पुणे-मुंबईच्या गर्दीत चालणारी गाडी आयुष्याचा मोठा भाग बंद थ्रॉटल आणि थोडासा उघडलेला थ्रॉटल यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात काढते, आणि इंजिनाच्या थरथरीने बोटे तिथेच मागेपुढे घासत राहतात. तिथेच कार्बन उडतो. त्यामुळे खऱ्या खराब टीपीएसची खूण अशी असते: गाडी ठरावीक जागी, ठरावीक रेसवर दचकते. पेडल थोडे अधिक दाबले की दोष नाहीसा होतो, पूर्ण रेसवर तर गाडी उत्तम पळते. सगळ्याच रेसवर पिकअप नसेल तर टीपीएसकडे जाण्यापूर्वी पेट्रोलचा दाब, फिल्टर, प्लग आणि कॉइल पाहावेत. इंजिन थंड असतानाच झटके येत असतील तर तापमानाचा सेन्सर. आयडल जास्त आणि शिट्टीसारखा आवाज असेल तर व्हॅक्यूमची फाटलेली नळी किंवा इनटेकचे गॅस्केट. आयडल कमी आणि गाडी सिग्नलला विझत असेल तर बटरफ्लायच्या कडेला साचलेला काळा थर हा पहिला संशयित, आणि तो साफ करायला सेन्सरला हात लावावा लागत नाही.

आता मोजमाप, कारण सगळा निवाडा तिथेच आहे. साधा मल्टिमीटर पुरतो. कपलर जोडलेलाच ठेवायचा आणि त्याच्या मागच्या बाजूने तारेशेजारी बारीक पिन सरकवायची. इन्शुलेशन भोसकून तार उघडी करणे हा आळस पावसाळ्यात महागात पडतो. इग्निशन चालू, इंजिन बंद. प्रथम पाच व्होल्टची तार: तिथे पाचच्या अगदी जवळचा आकडा हवा. मग सेन्सरच्या अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधले व्होल्टेज. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथे ०.१ व्होल्टच्या आत, शक्यतो त्याच्या निम्म्यातच आकडा हवा. अर्थ गंजलेला असेल आणि इथे ०.३ व्होल्ट दिसत असतील तर सेन्सर कितीही नवा असला तरी त्याचा बंद आकडा वरच सरकलेला राहील, आणि कुणीतरी तो ‘ॲडजस्ट’ करून खाली आणेल. दोष अर्थमध्ये, दुरुस्ती सेन्सरवर.

दोन्ही टोके ठीक असतील तर सिग्नल. बंद थ्रॉटलला बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.९च्या दरम्यान, पूर्ण उघडल्यावर चारच्या आसपास किंवा वर. पण टोकाचे दोन आकडे बरोबर आले म्हणून सेन्सर चांगला ठरत नाही. झीज मधे असते. बटरफ्लाय हाताने अगदी सावकाश, दहाएक सेकंद घेत उघडावी आणि तशीच सोडावी. व्होल्टेज विनाखंड चढले-उतरले पाहिजे. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. जुना काट्याचा मीटर इथे सरस ठरतो, काटा थरथरतो किंवा खाली झेप घेतो आणि नजरेला ते चुकत नाही. ऑसिलोस्कोप असेल तर शंकाच राहत नाही. हे करताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलके टकटक करावे, कपलरजवळच्या तारा हलवाव्यात, आणि दोष इंजिन तापल्यावरच येत असेल तर सेन्सरला केस वाळवायच्या ड्रायरने ऊब द्यावी. थंड गॅरेजमध्ये निर्दोष निघालेले कितीतरी सेन्सर तापल्यावर खोटे बोलतात. सेन्सर काढून ओहममध्ये मोजण्याची पद्धतही पुस्तकांत असते आणि तुटलेली पट्टी ती दाखवते, पण कपलर काढल्याबरोबर वायरिंगचा निम्मा प्रश्न मोजमापाच्या बाहेर जातो. व्होल्टेजच मोजावे.

स्कॅनरचे कोड हा पुढचा टप्पा. ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच दोष नोंदवण्याची ठरलेली पद्धत, येण्यापूर्वी प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी होती: जनरल मोटर्समध्ये टीपीएसचा वरचा सिग्नल म्हणजे २१ आणि खालचा म्हणजे २२, टोयोटात ४१, निसानमध्ये ४३. अमेरिकेत १९९६पासून एकच भाषा सक्तीची झाली; भारतात ओबीडीचा पहिला टप्पा २०१०मध्ये आणि दुसरा २०१३मध्ये आला. आता पी०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०१२३ म्हणजे फार वर. हे दोन कोड सर्किटबद्दल बोलतात, भागाबद्दल बोलत नाहीत. बहुतेक रचनांत अर्थची तार तुटली की सिग्नल पाच व्होल्टला चढतो आणि पी०१२३ येतो. पाच व्होल्टची तार तुटली की तो शून्याला जातो आणि पी०१२२ येतो. दोन्ही वेळा सेन्सर ठणठणीत असू शकतो. टीपीएसबरोबर मॅप सेन्सरचाही कोड आला असेल तर दोघांना मिळून येणारा पाच व्होल्टचा पुरवठा आधी पाहावा. एखादा तिसराच सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचे व्होल्टेज खाली खेचत असतो. एकेक कपलर काढत जायचे आणि कुठल्या कपलरला पाच व्होल्ट परत येतात ते बघायचे.

पी०१२१ अधिक फसवा आहे. सिग्नल विजेच्या हद्दीत आहे, पण मॅप किंवा एअर-फ्लो सेन्सर जे सांगतो त्याच्याशी त्याचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. दोन साक्षीदारांत कोण चुकतो आहे हे कोड सांगत नाही. हवेची गळती असली, एअर-फ्लो सेन्सर धुळीने माखला असला, तरी हाच कोड उमटू शकतो. कोड वाचून थेट भाग मागवण्याची पद्धत म्हणूनच मला चुकीची वाटते, मग ती मोठ्या वर्कशॉपमध्ये असो की कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये.

आणि आता जुळवणी. ज्या सेन्सरच्या स्क्रूंची भोके लांबट असतात तोच जुळवता येतो; गोल भोके म्हणजे जुळवणीची सोयच नाही. ती भोके कानशीने लांबट करणारे लोक आहेत, त्यांचा प्रश्न पुढे येतो. जुन्या जपानी इंजिनांत जुळवणीची रीत फीलर गेजची आहे. स्टॉप स्क्रू आणि थ्रॉटलचा दांडा यांच्यात ठरावीक जाडीची पट्टी घालायची आणि सेन्सरमधला आयडलचा संपर्क जुळतो की तुटतो ते ओहममीटरवर पाहायचे. टोयोटाच्या २२आर-ई इंजिनात ०.५७ मिलिमीटरच्या पट्टीला संपर्क जुळलेला हवा आणि ०.८५च्या पट्टीला तुटलेला. या दोन आकड्यांच्या मधे सेन्सर फिरवून स्क्रू आवळायचे. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे, त्यामुळे एका गाडीचे दुसऱ्या गाडीला लावू नयेत. आणि हे सगळे करण्याआधी ॲक्सिलरेटर केबलला थोडा ढिलेपणा आहे ना, बटरफ्लाय खरोखर स्टॉपवर येऊन टेकते ना, कार्बन साफ आहे ना, हे बघितलेच पाहिजे. क्रम उलटला तर चुकीच्या बंद स्थितीला सेन्सर अचूक जुळवला जातो.

सगळ्यात शहाणी रीत मला जीपच्या १९८७ ते १९९०च्या चेरोकीतली वाटते. तिच्या चार लिटरच्या इंजिनावर रेनो आणि बेंडिक्स यांनी मिळून केलेली रेनिक्स ही प्रणाली होती. तिथे टीपीएसला ठरावीक व्होल्ट सांगितलेले नाहीत, प्रमाण सांगितले आहे: बंद थ्रॉटलला सिग्नल पुरवठ्याच्या १७ टक्के हवा. पुरवठा ४.८ व्होल्ट मिळत असेल तर सुमारे ०.८२. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर गिअरबॉक्ससाठी वेगळा कपलर आणि तिथे सुमारे ८३ टक्के. पोटेन्शिओमीटर मुळात प्रमाणच मोजतो, त्यामुळे पुरवठा किंचित कमीजास्त असला तरी टक्का बदलत नाही. या गाडीत जुळवणी खरोखर महत्त्वाची आहे. टक्का चुकला तर गिअर वेळेवर पडत नाहीत.

याच्या उलट टोकाला फोर्ड मस्टँगची गोष्ट आहे. १९८६ ते १९९३च्या पाच लिटर इंजेक्शनच्या मस्टँगवाल्यांमध्ये एक समज घट्ट बसला होता की टीपीएस बरोबर ०.९८ किंवा ०.९९ व्होल्टला लावला की गाडी जोरात पळते. त्यासाठी लोक भोके घासून लांबट करत. प्रत्यक्षात त्या गाडीचा ईईसी-फोर कॉम्प्युटर बंद थ्रॉटलचा आकडा ठरवून घेऊन बसतच नाही. जे सगळ्यात कमी व्होल्टेज त्याला दिसते त्यालाच तो बंद धरतो आणि तिथून पुढे मोजतो. ०.८ असो की ०.९९, मर्यादेच्या आत असले की त्याला सारखेच. इतक्या मेहनतीतून हाती काही लागत नव्हते, आणि घासलेल्या भोकांतून सेन्सर सरकला की नवा दोष तयार होत होता. आपल्याकडेही कुणी एखादा जादूचा आकडा सांगितला तर आधी विचारावे की ही गाडी आकडा ठरलेला मानते की स्वतः शिकते.

नव्या गाड्या शिकतातच. बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या १९८७च्या ७५० मध्ये पेडल आणि थ्रॉटल यांच्यातली केबल काढून टाकली होती. आज ती रीत सगळीकडे आहे. पेडलवर सेन्सर, थ्रॉटल बॉडीत मोटर, आणि दोन्ही जागी एकाऐवजी दोन-दोन सेन्सर. एकाचे व्होल्टेज चढते तेव्हा दुसऱ्याचे उतरते, किंवा वेगळ्या उताराने चढते, आणि कॉम्प्युटर त्यांचा हिशेब सतत ताडून पाहतो. हिशेब जुळला नाही की पी२१३५ येतो, मोटर सोडून दिली जाते आणि स्प्रिंग बटरफ्लायला किंचित उघड्या जागी आणून ठेवते, गाडी कशीबशी घरी पोचावी म्हणून. इथे सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते आणि बिल हजारांत जाते. म्हणून कपलर उघडून पिना तपासणे, अर्थ मोजणे या फुकटच्या पायऱ्या इथे आणखी मोलाच्या आहेत. इग्निशन चालू असताना बोट मात्र आत घालू नये. मोटर बटरफ्लाय जोरात मिटवते, आणि हाताने ढकललेल्या पाकळीमुळे आतले प्लॅस्टिकचे गिअरही जातात.

जुळवणीची जागा इथे लर्निंगने घेतली आहे. कार्बन साफ केला की त्याच फटीतून जास्त हवा जाऊ लागते आणि कॉम्प्युटरचा जुना हिशेब चुकतो. साफसफाईनंतर आयडल चढलेले दिसते ते यामुळे. निसानमध्ये यासाठी तीन नोंदी ओळीने कराव्या लागतात: मोकळ्या पेडलची, बंद थ्रॉटलची आणि आयडलच्या हवेची. फोक्सवॅगनमध्ये, म्हणजे चाकणला बनलेल्या पोलो-व्हेन्टोतसुद्धा, स्कॅनर लावून थ्रॉटल बॉडी अडॅप्टेशन करतात आणि त्या वेळी बॅटरी नीट चार्ज असावी लागते. काही गाड्या इग्निशन थोडा वेळ चालू ठेवून बंद केली की आपसूक शिकतात. साफसफाई करून ही पायरी न करता गाडी दिली की गाडीवाला दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन परत येतो, आणि इथेही बळी सेन्सरचाच जातो. काही थ्रॉटल बॉडींना कडेला मुद्दाम लेप दिलेला असतो, तो ब्रशने खरवडला तर फट कायमची वाढते. स्प्रे कापडावर घेऊन पुसावे, सेन्सरच्या बाजूला मारू नये.

दोन सेन्सर असले की धोका संपला असे नाही, हे टोयोटाच्या प्रकरणात दिसले. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनंतर २०१०मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने नासाच्या अभियंत्यांना तपास करायला सांगितले. फेब्रुवारी २०११च्या अहवालात अशा वेगामागे इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचा पुरावा मिळाला नाही असे म्हटले. पण तपासातल्या एका बिघडलेल्या पेडलच्या पोटेन्शिओमीटरमध्ये त्यांना कथिलाचा केसासारखा बारीक तंतू वाढलेला सापडला, आणि त्याने दोन सिग्नलांनाच एकमेकांशी जोडले होते. एकमेकांवर पहारा ठेवायला नेमलेले दोघे एकाच पेटीत, एकाच तऱ्हेचे असले की एकच दोष दोघांना गाठू शकतो.

डिझेल गाड्या या आढाव्यात घेतलेल्या नाहीत. तिथे चालकाचा पाय पेडलचा सेन्सर वाचतो, आणि थ्रॉटलची पाकळी असलीच तर ती धूर आवरण्याच्या कामाला असते.

आपल्या मुलखातली काही कारणे परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाहीत. जुन्या मिक्सर पद्धतीच्या सीएनजी किटमध्ये मिश्रण सांभाळणारी पेटी टीपीएसच्या सिग्नलची तार फोडून जोडलेली असते. तो जोड सोल्डर न करता नुसता पिळून वर टेप गुंडाळलेला असेल तर दोन पावसाळ्यांत तो काळा पडतो आणि सिग्नल लुळा होतो. सीएनजी किट असलेल्या गाडीत टीपीएसचा दोष वाटला तर सर्वांत आधी हा जोड शोधावा. किनाऱ्यालगत, रत्नागिरी-मालवणकडे, खाऱ्या हवेने कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. आणि पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरणारे उंदीर वायरिंग कुरतडतात. तार बाहेरून धड दिसते आणि आतून एका धाग्यावर लोंबत असते. तारा हलवत व्होल्टेज बघण्याची पायरी त्यासाठीच.

दुचाकींचा प्रश्न आता संख्येने सर्वांत मोठा आहे. एप्रिल २०२०मध्ये बीएस-सिक्स लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटर इंजेक्शनवर आल्या, आणि त्यांच्यासोबत टीपीएस तालुक्याच्या गावातल्या गॅरेजपर्यंत पोचला. मोटारीपेक्षा इथे त्याचे वजन जास्त आहे. अनेक दुचाकींत थ्रॉटलचा कोन आणि इंजिनाचे फेरे यांवरूनच पेट्रोलचे मोठे माप ठरते, त्यामुळे बंद आकडा थोडा सरकला तरी मायलेज आणि पिकअप दोन्ही हलतात. अशा गाडीत सेन्सरचे स्क्रू सैल करून ‘जरा फिरवून बघणे’ मोटारीपेक्षा जास्त नडते. स्क्रू उघडण्याआधी आकडा लिहून ठेवणे आणि सेन्सरच्या जागेवर टोकदार सुईने रेघ मारणे, एवढे तरी केलेच पाहिजे.

कुठला आकडा बरोबर, हे गॅरेजवाल्याला कळायचे कसे? बंद थ्रॉटलचे व्होल्टेज, पूर्ण उघड्या थ्रॉटलचे व्होल्टेज, लर्निंगची रीत, हे सगळे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते आणि ते मॅन्युअल अधिकृत वर्कशॉपच्या बाहेर सहज येत नाही. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेल्या मुलाला मीटर धरता येतो, मोजलेला आकडा ताडून पाहायला समोर काही नसते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले. त्यात वाहनांचा समावेश आहे. अमेरिकी गाड्यांच्या बॉनेटखाली धुराच्या नियमांची पट्टी चिकटवलेली असते आणि जुन्या गाड्यांत तिच्यावर टायमिंग आणि आयडलचे आकडे छापलेले असत. तशीच पट्टी आपल्याकडच्या मोटारींना आणि दुचाकींच्या सीटखाली लावायला कंपन्यांना फारसा खर्च येणार नाही. टीपीएसचे दोन आकडे, पुरवठ्याच्या टक्क्यात, आणि लर्निंगच्या चार ओळी मराठीसह राज्याच्या भाषेत, एवढे तिच्यावर छापले की पुरे.